उतारवयांतला खेळाडू आणि संघाचा संसार

पिकलें पान केव्हां तरी गळावयाचेंच, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तें गळेपर्यंत त्याचा मान कसा राखावा, आणि त्याच वेळीं नव्या पालवीस ऊन कसें मिळूं द्यावें, हा प्रश्न फार थोड्यांस नीट सोडवितां येतो. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न नवा नाहीं. आज त्याचें एक उदाहरण आम्ही दूरच्या अमेरिकेंतून, आणि तेंहि बेसबॉलसारख्या आपल्याकडे अपरिचित असलेल्या खेळांतून घेत आहों.

प्रथम त्या खेळाची घडी समजून घेतली पाहिजे. तेथील वरच्या दर्जाच्या प्रत्येक संघास एका हंगामांत १६२ सामने खेळावे लागतात; म्हणजे सहा महिने जवळजवळ रोजचेंच काम. संघाच्या पटावर २०२० सालापासून साधारणतः २६ खेळाडू ठेवतां येतात, व त्यांपैकीं सुमारें निम्मे गोलंदाज असतात. शिवाय सामन्यांतून एकदां काढलेला खेळाडू त्या सामन्यांत पुन्हा येऊं शकत नाहीं. त्यामुळें बाकावर बसणाऱ्या चार जणांपैकीं प्रत्येकानें दोन-तीन जागा सांभाळाव्या, अशी अपेक्षा असते. वय झालेला खेळाडू नेमका येथेंच अडतो. पाय थकल्यामुळें धांवाधांवीचें क्षेत्ररक्षण त्यास झेपत नाहीं; उरते ती पहिल्या बेसची जागा, किंवा क्षेत्ररक्षण न करतां केवळ फलंदाजी करण्याची. ही दुसरी सोय अमेरिकन लीगमध्यें १९७३ सालीं आली, आणि नॅशनल लीगमध्यें ती कायमची झाली २०२२ सालीं. त्यांतच, कामगिरी उतरली तरी कराराचा पगार चुकत नाहीं, आणि पांच वर्षांची सेवा झालेल्या खेळाडूस त्याच्या संमतीवांचून खालच्या संघांत धाडतां येत नाहीं. सारांश, थोराची एक जागा अडली म्हणजे साऱ्या पटाचीच लवचिकता जाते.

आल्बर्ट पुजोल्स यांची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सांतो दोमिंगो येथें १९८० सालीं त्यांचा जन्म झाला. २००१ सालीं ते सेंट लुईस कार्डिनल्स संघांत आले, तेव्हां त्या पहिल्याच वर्षीं ते तिसऱ्या बेसवर, पहिल्या बेसवर व दूरच्या मैदानांतहि खेळले. पुढें तीन वेळां ते लीगचे सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले, आणि २००६ व २०११ सालीं त्यांच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. त्यानंतर एंजल्स संघानें त्यांच्याशीं दहा वर्षांचा, सुमारें २४ कोटि डॉलरांचा करार केला. परंतु पावलांच्या दुखण्यानें त्यांस गांठलें, आणि वर्षागणिक त्यांची फलंदाजी उतरत गेली.

२०२१ च्या वसंतांत एंजल्सकडे पहिल्या बेसवर जॅरेड वॉल्श हा तरुण उभा होता, आणि केवळ फलंदाजीची जागा शोहेई ओतानी या अद्वितीय जपानी खेळाडूची होती. पुजोल्स यांस त्या हंगामांत २४ सामने मिळाले. शंभरांत वीस वेळांहि त्यांचा फटका साधेना. ६ मे रोजीं संघानें त्यांस पटावरून काढलें. हिशेब म्हणून त्यांत चूक काढतां येणार नाहीं. ‘हा मनुष्य रोज खेळूं शकेल काय?’ या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ‘नाहीं’ असेंच होतें.

पण याहून निराळाहि एक प्रश्न आहे : ‘हा मनुष्य कोणत्या दिवशीं खेळूं शकेल?’ उजव्या हातानें फलंदाजी करणाऱ्यास डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू अधिक स्पष्ट दिसतो, आणि त्याचा वळणारा चेंडू दूर न पळतां फलंदाजाकडेच येतो. पुजोल्स उजव्या हाताचे. त्याच महिन्यांत डॉजर्स संघानें त्यांस घेतलें, आणि मुख्यतः डावखुऱ्या गोलंदाजांपुढेंच उभें केलें. पुढील वर्षीं ते २५ लक्ष डॉलरांच्या एक वर्षाच्या करारावर आपल्या जुन्या सेंट लुईसला परतले, आणि हेंच आपलें शेवटचें वर्ष असें त्यांनीं आधींच जाहीर केलें.

तेथील मॅनेजर ऑलिव्हर मार्मोल हे पुजोल्स यांच्याहून सहा वर्षांनीं लहान होते. जणूं धाकट्या भावाच्या हातीं घराच्या किल्ल्या. पहिल्या बेसवर पॉल गोल्डश्मिट होते, जे त्या वर्षीं लीगचे सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले. तेथें हात लावण्याचें कारणच नव्हतें. डावखुरा गोलंदाज असेल त्या दिवशीं पुजोल्स यांनीं फलंदाजीस यावें, इतर दिवशीं नोलन गोरमनसारख्या बाविशींतल्या डावखुऱ्या फलंदाजास संधि मिळावी, अशी साधारण वांटणी होती. एका एकतर्फी सामन्यांत तर थकल्या गोलंदाजांस विश्रांति मिळावी म्हणून पुजोल्स यांनीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, शेवटच्या डावांत स्वतः गोलंदाजी केली; चार धावा गेल्या, पण सामना हातचा गेला नाहीं.

हंगामाच्या मध्यापर्यंत त्यांचे होमरन अवघे ६ होते. नंतर मात्र बॅट बोलूं लागली, आणि जसजसी ती बोलूं लागली तसतसे त्यांस अधिक सामने मिळत गेले. २३ सप्टेंबर रोजीं लॉस एंजेलिस येथें त्यांनीं आयुष्यांतला ७०० वा होमरन मारिला. १०९ सामन्यांत २४ होमरन, आणि एकूण ७०३. बाँड्स, आरन व रूथ हे तिघेच त्यांच्या पुढें आहेत. संघानें आपला विभाग जिंकला, परंतु पुढील फेरींत फिलाडेल्फियापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

प्रत्येक थकलेला खेळाडू असा पुन्हा बहरतोच, असें आम्ही म्हणत नाहीं. दैवाचाहि वांटा असतो. शिवाय थोरानें अडविलेल्या प्रत्येक जागेमागें खालच्या संघांत कोणी तरी तरुण वाट पाहात असतो, हेंहि विसरतां येत नाहीं. परंतु येथें तीन गोष्टी जुळल्या. काम वयास पेलेल असें नेमलें गेलें. तें नांवावर न देतां कामगिरी पाहून वाढविलें गेलें. आणि ज्यास तें दिलें, त्यानें पूर्वीच्या वैभवाचा अहंकार न धरितां तें पत्करलें.

घरांतील वडील माणसांस ‘आतां तुम्ही स्वस्थ बसा’ असें सांगण्यांत आदर आहे, असा आपला समज असतो. पुष्कळदां ती सोय आपली असते, त्यांची नव्हे. उलटपक्षीं, किल्ल्या शेवटपर्यंत कंबरेस बांधून ठेवणारे वडीलहि घराचें हित करीत नाहींत. त्यांचें कोणतें काम अद्याप घरांत दुसऱ्या कोणास तितकें साधत नाहीं, हें धाकट्यांनीं शोधावें. आणि कोणतें काम सोडून द्यावयाची वेळ आली, हें थोरांनीं आपणहून सांगावें. हीं दोन्ही कामें अवघड आहेत. परंतु तीं टाळल्यानें घरोघर जें दुःख होतें, त्या मानानें हे श्रम थोडेच म्हटले पाहिजेत.