खरेदीची सवड

घटस्थापना झाली की पुण्याच्या पेठांना जी जाग येते, ती तुळशीच्या लग्नापर्यंत ओसरत नाही. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या घड्या उलगडू लागतात, बोहरी आळीत आकाशकंदिलांच्या माळा लटकतात, तुळशीबागेत पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. या गर्दीत मापात पाप करणारे पूर्वीही होते. पेशवाईत बाजारातील वजनेमापे आणि दर यांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार कोतवालाकडे असे, आणि बुधवार पेठेतील कोतवाल चावडी हे नाव त्या व्यवस्थेची आठवण अद्याप टिकवून आहे. परंतु त्या काळच्या गिऱ्हाइकाजवळ कोतवालाहूनही खात्रीचे असे एक संरक्षण होते, ते म्हणजे सवड. दुकानदाराचा चेहरा समोर दिसत होता, कापड उजेडात नेऊन पाहता येत होते, दर पटला नाही तर पायरी उतरून पुढचे दुकान गाठता येत होते, आणि सोबतची वडीलधारी बाई ‘उद्या येऊ’ एवढे म्हणून ठरत आलेला सौदा मोडूही शकत होती.

आज खरेदीचा मोठा हिस्सा तळहातावरच्या मोबाईलमध्ये होतो, आणि तेथे पहिल्याने हिरावली जाते ती हीच सवड. सणासुदीतील फसवणुकीच्या तऱ्हा कितीही दिसोत, त्यांचे भांडवल एकच आहे. ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’, ‘तुमचे पार्सल परत जाईल’, ‘खाते तासाभरात बंद होईल’, अशा वाक्यांनी माणसाला विचार करण्याची उसंतच मिळू द्यायची नाही, हे त्या धंद्याचे सूत्र आहे. त्यातही पार्सलचा निरोप विशेष घातक ठरतो, कारण दिवाळीच्या पंधरवड्यात जवळजवळ प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या पार्सलची खरोखरच वाट पाहत असते, आणि असत्याला अशा सत्य परिस्थितीचा टेकू मिळाला की शहाणी माणसेही त्यावर भार टाकतात.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत हेच घडले. हिशेबाला चोख, बँकेचे पासबुक दर महिन्यास भरून आणणारी ही बाई. नातवासाठी मागविलेला किल्ल्यावरचा सैनिकांचा संच येण्याचा होता, इतक्यात ‘पत्ता अपूर्ण, पाच रुपये भरून दुरुस्त करा’ असा मजकूर आला. पाच रुपयांसाठी कोण साशंक होणार? लिंक उघडली, कार्डाचा क्रमांक घातला, आलेला ओटीपीही घातला, आणि तो ओटीपी पाच रुपयांचा नव्हताच. त्याच संदेशात खरी रक्कम लिहिलेली होती, पण बाईंनी घाईत केवळ सहा आकडे वाचले. ओटीपीच्या संदेशातील रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव आधी वाचावे व आकडे नंतर, एवढी एक सवय मी आता भेटेल त्याला आग्रहाने सांगतो.

दुसरी तऱ्हा जुन्या वस्तूंच्या विक्रीतली. दिवाळीपूर्वी घर आवरताना जुना सोफा, सायकल विकायला काढावी, तर आपण लष्करात आहोत असे सांगणाऱ्या इसमाचा फोन येतो. खडकी, दिघी, खडकवासला ही नावे ज्या शहराच्या अंगवळणी पडली आहेत, तेथे गणवेशाविषयीचा आदर किती खोल असणार, हे त्याने नेमके जाणलेले असते. तो घासाघीस करीत नाही, पैसे आगाऊ देऊ करतो, आणि ‘रक्कम जमा होण्यासाठी’ एक क्यूआर कोड पाठवून पिन घालावयास सांगतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हापासूनचा नियम असा, की पिन हा पैसे देण्याकरिता असतो. घेण्याकरिता तो कधीच लागत नाही. तसेच निमंत्रणपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी ‘एपीके’ फाईल हे पत्र नसून आपल्या फोनमध्ये शिरू पाहणारे एक ॲप असते, आणि ते शिरले की आपले ओटीपी परस्पर वाचले जाऊ शकतात.

धनत्रयोदशीच्या सोन्याबाबत मात्र परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक असणे सक्तीचे झाले, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घालून दागिन्याच्या शुद्धतेची खातरजमा सराफाच्या पेढीवर बसल्या बसल्या करता येते. सराफ कितीही पिढ्यांचा असो, ही खातरजमा करण्यात त्याचा अवमान नाही.

अशा चौकसपणाचा वारसा पुण्याला नवीन नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहकाला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदाही देशात नव्हता. तो १९८६ मध्ये झाला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विक्रीतील ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत ‘खोटी निकड’ ही नावानिशी नमूद आहे, याचे मला फार समाधान वाटते. वस्तू सदोष निघाली वा दुकानाने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

मात्र पैसे एकदा गेले की हिशेब उलटा होतो, आणि जी सवड पैसे देण्यापूर्वी हितकारक, ती आता घातक ठरते. गेलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही वेळातच पुढे सरकत जाते. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर फिर्याद पोहोचली, की ती संबंधित बँकांकडे जाऊन, जेथे पैसा अजून थांबला असेल तेथे तो रोखून धरला जाऊ शकतो. व्यवहार क्रमांक, वेळ, समोरच्याचा मोबाईल क्रमांक आणि संदेशांची छायाचित्रे हाताशी ठेवावीत, व बँकेलाही त्याच वेळी कळवावे. कारण ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे तत्त्व घालून दिले, की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर राहील.

त्या शिक्षिकाबाईंनीही कळविले, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधली रात्र आणि सारा दिवस त्यांनी कोणाला काही न सांगता काढला. “आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, आता सुनेला काय तोंडानं सांगू?” असे त्या मला म्हणाल्या. त्या दिवसाभरात बरीचशी रक्कम निघून गेली, थोडी रोखली गेली. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर सगळे फराळाला बसले असता त्यांनी ही सारी कैफियत, पाच रुपयांसह, आपण होऊन सांगितली. ती ऐकून त्यांचे धाकटे बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग हातातली चकली ताटात ठेवून म्हणाले, “ताई, माझे दोन वर्षांपूर्वी गेले. मी अजून घरी सांगितलेलं नाही.”