सोयापेंडीला तुतीचा पर्याय : शहराच्या वेशीवर सशांच्या खाद्याचे नवे गणित

इलेक्ट्रॉनिक सिटी (बंगळुरू) : देशाच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाची ओळख बनलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ज्या आनेकल तालुक्यात वसली आहे, तो मूळचा नाचणी, हुलगा, भाजीपाला आणि तुतीचा प्रदेश. कर्नाटक सरकारच्या ‘केओनिक्स’ या महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या शिवारात सुमारे ३३२ एकरांवर ही वसाहत उभारली. त्यानंतरच्या साडेचार दशकांत शेते आणि गायराने मागे सरकत गेली. जनावरे पाळणाऱ्यांसमोरचा चाऱ्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. तो अधिक बिकट झाला.

कमी जागेत, पिंजऱ्यांमध्ये करता येणारा ससेपालनाचा व्यवसाय अशा शहरालगतच्या भागांना सोयीचा मानला जातो. परंतु त्याच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारणपणे ६० ते ७० टक्के असतो. मका आणि सोयापेंड यांचे भाव कुक्कुटपालन व पशुखाद्य उद्योगाच्या मागणीवर ठरतात. त्यात दहा-वीस माद्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचे काहीच चालत नाही. त्यामुळे स्थानिक पातळीवर मिळणारा पाला, पिकांचे अवशेष आणि प्रक्रिया उद्योगांतील उपपदार्थ यांचा सशांच्या आहारात कितपत वापर करता येईल, हा प्रश्न व्यवसायाच्या अस्तित्वाशी जोडला गेला आहे.

झाशी येथील भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची ११.२४ टक्के, वाळलेल्या चाऱ्याची २३.४ टक्के, तर पशुखाद्याची २८.९ टक्के तूट आहे. या तुटीत गाई, म्हशी आणि शेळ्या यांच्याशी स्पर्धा करणे सशाला परवडणारे नाही. जे इतरांना लागत नाही किंवा वाया जाते, तेच त्याच्या वाट्याला येऊ शकते.

सशाचे पोट वेगळे कसे?

ससा रवंथ करत नाही. गाई-म्हशींप्रमाणे त्याला चार कप्प्यांचे पोट नसते. तंतुमय पदार्थ आंबवण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या आंधळ्या आतड्यात होते. शरीराच्या मानाने हा अवयव मोठा असून संपूर्ण पचनमार्गाच्या सुमारे ४० टक्के सामग्री त्यात सामावते. तेथील सूक्ष्मजीव चाऱ्यापासून प्रथिने आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे तयार करतात. ही पोषकद्रव्ये मऊ, बुळबुळीत आवरणाच्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात आणि ससा त्या थेट गुदद्वारापासूनच पुन्हा खातो. पिंजऱ्याखाली दिसणाऱ्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या असतात.

या रचनेमुळे ससा पाल्यावर चांगला वाढू शकतो, पण त्याच रचनेमुळे त्याचे पोट चटकन बिघडते. आहारात स्टार्च वाढले आणि तंतू कमी झाले, की आतड्याची हालचाल मंदावते, घातक जिवाणूंची वाढ होते आणि अतिसार सुरू होतो. दूध तुटल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांच्या मरतुकीचे हे एक प्रमुख कारण असते. म्हणूनच सशाच्या खाद्यात प्रथिनांइतकेच महत्त्व तंतूंना आहे. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने आणि १२ ते १६ टक्के तंतू असावेत, असे पशुपोषण शास्त्र सांगते. पर्यायी घटक निवडताना केवळ स्वस्ताई पाहून चालत नाही, ती याच कारणामुळे.

तुती : रेशीमपट्ट्यातील संपत्ती

दक्षिण कर्नाटकातील रामनगर, कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बंगळुरू ग्रामीण हे भाग रेशीम उत्पादनासाठी ओळखले जातात. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने विकसित केलेली ‘व्ही-१’ ही तुतीची जात कर्नाटकाबरोबरच महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर लावली जाते. बीड, जालना, सोलापूर या जिल्ह्यांतील तुती लागवडीमुळे हा विषय मराठी शेतकऱ्यांनाही जवळचा आहे.

तुतीच्या पाल्यात शुष्क भारावर साधारण १५ ते २५ टक्के प्रथिने असतात. तो पचनास हलका आणि चवीला रुचकर असल्याने ससे आवडीने खातात. किडींना न लागणारा जून पाला, छाटणीच्या वेळी निघणाऱ्या कोवळ्या फांद्या आणि दोन पिकांमधील काळात शिल्लक राहणारा पाला सावलीत वाळवून त्याची भुकटी करता येते.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. कीटक संगोपनगृहातील बेडवर उरलेला पाला सशांना घालू नये. त्यात अळ्यांची विष्ठा मिसळलेली असते, शिवाय बेडवर चुना व निर्जंतुक भुकटी धुरळलेली असते. असा पाला कंपोस्टसाठीच योग्य. दुसरे म्हणजे तुतीत कॅल्शियम भरपूर, पण तंतू तुलनेने कमी असतात. केवळ तुतीवर भर दिल्यास प्रथिनांचा हिशेब जुळतो आणि तंतूंचा बिघडतो.

शंभर किलोचा हिशेब

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, शंभर किलो खाद्यात मका २५, गव्हाचा कोंडा ३०, सोयापेंड १५, लसूणघासाची भुकटी २८ आणि क्षार मिश्रण व मीठ २ किलो आहे. या घटकांतील सरासरी प्रमाण धरले, तर मिश्रणात सुमारे १८ टक्के प्रथिने आणि १२ टक्क्यांहून थोडे अधिक तंतू येतात.

आता लसूणघासाऐवजी तुतीची भुकटी ३४ किलो घेतली आणि सोयापेंड ९ किलोवर आणली, तर प्रथिने १७ टक्क्यांच्या वर राहतात. कागदावर हा व्यवहार फायद्याचा दिसतो. पण तंतू ९ टक्क्यांच्याही खाली घसरतात आणि पिल्लांमध्ये अतिसाराचा धोका वाढतो.

यावर उपाय म्हणजे तुतीबरोबर भुईमुगाचा वाळलेला पाला घेणे. मका १५, कोंडा २६, सोयापेंड १२, तुतीची भुकटी २५, भुईमुगाचा पाला २० आणि क्षार मिश्रण व मीठ २ किलो अशा मिश्रणात प्रथिने साधारण साडेसतरा टक्के, तर तंतू साडेबारा टक्क्यांच्या पुढे जातात. पहिल्या मिश्रणाच्या तुलनेत मका १० किलोने, सोयापेंड ३ किलोने कमी लागते आणि लसूणघास विकत घ्यावा लागत नाही. अशा मिश्रणात ऊर्जा थोडी कमी असल्याने ससा विक्रीच्या वजनाला येण्यास काही दिवस अधिक लागू शकतात. हे दिवस आणि वाचलेला पैसा यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा लागतो.

एक किलो वजनवाढीसाठी सशाला साधारण तीन ते चार किलो खाद्य लागते. म्हणजेच खाद्याच्या दरात किलोमागे एक रुपयाची बचत झाली, तर प्रत्येक किलो वजनामागे तीन ते चार रुपये वाचतात. वाढीचा वेग फार घटला, तर मात्र हीच बचत जास्तीच्या खाद्यात खर्ची पडते.

कुंपणावरचा आणि बांधावरचा चारा

शेवग्याच्या वाळलेल्या पानांत साधारण २५ ते ३० टक्के प्रथिने असतात. दशरथ घास आणि लसूणघास हे तर सशांचे परिचित खाद्य. सुबाभळीच्या पानांतही २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असली, तरी त्यात ‘मिमोसिन’ हे विषारी द्रव्य असते. त्याचे प्रमाण वाढल्यास केस गळणे, वाढ खुंटणे आणि प्रजननात अडथळे अशी लक्षणे दिसतात. काही रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू या द्रव्याचे विघटन करू शकतात. सशाला त्या संरक्षणाचा आधार नाही. त्यामुळे सुबाभूळ आहारात अल्प प्रमाणातच ठेवावी आणि गाभण माद्यांना देणे टाळावे.

ॲझोलामध्ये शुष्क भारावर २० ते २५ टक्के प्रथिने असल्याचे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ताज्या ॲझोलात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. टोपलीभर ॲझोलातून सशाच्या पोटात जाणारा शुष्क अंश मूठभरच असतो, हे लक्षात न घेता खाद्य कमी केल्यास ससे उपाशी राहतात.

शहराचे उरलेसुरले

इलेक्ट्रॉनिक सिटीपासून जवळच असलेल्या सिंगेन अग्रहार येथील फळबाजारात आणि परिसरातील भाजीबाजारांत रोज मोठ्या प्रमाणावर माल टाकून दिला जातो. फ्लॉवरची पाने, गाजराचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या स्वच्छ धुऊन, सुकवून थोड्या प्रमाणात देता येतात. नासकी फळे मात्र टाळावीत. त्यांतील साखर आंधळ्या आतड्यात वेगाने आंबते आणि बुरशीचे विष थेट पोटात जाते. घरांतून व उपाहारगृहांतून येणारा ओला कचरा तर सशांसाठी पूर्णतः अयोग्य आहे. त्यात शिजवलेले अन्न, मीठ, तेल आणि मांसाचे अवशेष मिसळलेले असतात.

बंगळुरूमध्ये बिअर तयार करणाऱ्या लहान-मोठ्या केंद्रांची संख्या लक्षणीय आहे. तेथे बार्लीचा चोथा उरतो. त्यात शुष्क भारावर २० टक्क्यांहून अधिक प्रथिने आणि पुरेसे तंतू असतात. परंतु ताज्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते आणि तो एक-दोन दिवसांत आंबून बुरशी धरतो. समजा, चोथा तीन रुपये किलोने मिळाला आणि त्यात ७८ टक्के पाणी असले, तर शुष्क भागाचा खरा दर किलोला साडेतेरा रुपयांहून अधिक पडतो. वाहतूक आणि वाळवणीचा खर्च वेगळाच. पावसाळ्यात उन्हाअभावी तो वाळवणे कठीण होते, त्यामुळे उन्हाळ्यात परवडणारा हा पर्याय वर्षभर परवडेलच असे नाही.

रेशीम धाग्याच्या उद्योगातून उरणारे कोशातील प्यूपे हा प्रथिनांचा आणखी एक स्रोत. वाळलेल्या प्यूप्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, पण तेलाचे प्रमाणही मोठे असल्याने ते लवकर खवट होतात. तेल काढलेली भुकटी अधिक काळ टिकते. युरोपीय संघाने प्रक्रिया केलेल्या कीटक प्रथिनांना २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कुक्कुट व वराह खाद्यात परवानगी दिली. त्याच वर्षी रेशीम किड्याचा मान्य कीटकांच्या यादीत समावेश झाला. या परवानग्यांत सशांच्या खाद्याचा उल्लेख नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मुळात ससा वनस्पतींवर जगणारा प्राणी असल्याने त्याच्या आहारात या घटकाचे स्थान दुय्यमच राहील.

नियम आणि सुरक्षितता

दूध व मांस देणाऱ्या जनावरांच्या खाद्यात गोवंशीय किंवा वराहवंशीय मांस, हाडे, रक्त व अवयवांची भुकटी वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मनाई केली आहे. या मनाईतून कुक्कुट, वराह आणि मासे वगळले आहेत, ससा वगळलेला नाही. दुधाच्या पदार्थांना मात्र मुभा आहे. व्यवसायासाठी पाळला जाणारा ससा हा युरोपीय वंशाचा पाळीव प्राणी असून, शेतशिवारात आढळणारा रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, हा फरकही पाळकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

बुरशीचा धोका सर्वांत मोठा आहे. ओलसर भुईमूग पेंडीत व मक्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन सशाला अत्यंत अल्प प्रमाणातही बाधते. सरकी पेंडीतील ‘गॉसिपॉल’ हे द्रव्यही हानिकारक असल्याने ती टाळणे हिताचे. भाजीपाल्याच्या शेतातील पाला घेताना फवारणी कधी झाली, याची चौकशी करावी.

बदल करताना

खाद्यात कोणताही बदल एका दिवसात करू नये. जुन्या खाद्यात नवे मिश्रण थोडे थोडे वाढवत आठ ते दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. नवे मिश्रण प्रथम काही पिंजऱ्यांपुरते वापरावे, पिल्लांचे वजन दर आठवड्याला नोंदवावे आणि लेंड्या मऊ किंवा पातळ दिसू लागल्यास वाळलेले गवत वाढवून पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. दूध नुकतेच तुटलेल्या पिल्लांवर प्रयोग करणे टाळावे. घटकांचे प्रमाण जमीन, हंगाम आणि पाल्याच्या वयानुसार बदलत असल्याने मोठ्या प्रमाणावर वापर करण्यापूर्वी नमुना तपासून घेणे आवश्यक ठरते.

इलेक्ट्रॉनिक सिटीकडे येणाऱ्या होसूर रस्त्यावरच, शहरातील आडुगोडी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्था १९९५ पासून कार्यरत आहे. सशांवरील संशोधनाची धुरा मुख्यतः राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेकडे असून, तमिळनाडूतील मन्नवनूर येथील तिचे केंद्र दक्षिण भारतासाठी काम करते. महाराष्ट्रातील पाळकांना नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांकडून, तसेच जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रांकडून मार्गदर्शन मिळू शकते.