'रिफ्यूज' : नकार कोणाचा आणि कशाला?

श्रोतेहो, 'नाही' म्हणणे सोपे. परंतु नेमके कशाला 'नाही' म्हटले, हे इंग्रजीत स्पष्ट करावे लागते. खजरान्यातील मराठी मूल 'बाबांनी मला जायला मना केले' असे सहज बोलते. मराठीत 'मना करणे' म्हणजे मनाई करणे; हिंदीच्या सहवासात त्याला नकाराचाही अर्थ जडला. मग ते मूल 'फादर रिफ्यूज्ड मी टु गो' असे लिहिते, आणि वाक्य बिघडते.

'रिफ्यूज'पुढे 'टु' लावून दुसरे क्रियापद आले, की त्या क्रियेचा कर्ता नकार देणाराच असतो. 'ही रिफ्यूज्ड टु गो' म्हणजे त्याने स्वतः जाण्यास नकार दिला. दुसऱ्याला अडवायचे असल्यास 'फॉरबिड' योजावे, किंवा 'रिफ्यूज्ड टु लेट मी गो' म्हणावे. 'रिफ्यूज्ड मी परमिशन' मात्र शुद्ध आहे. कारण तेथे 'परमिशन' हे नाम कर्म म्हणून आले आहे.

दुसरा घोटाळा 'डिनाय'चा. आपण निमंत्रण नाकारतो आणि आरोपही नाकारतो. इंग्रजीत निमंत्रणाला 'रिफ्यूज', किंवा सौजन्याने 'डिक्लाइन'. आरोपाला मात्र 'डिनाय'. 1908 साली लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाचा आरोप अमान्य केला, ते 'डिनाय'. 1917 साली चंपारण्य सोडण्याचा हुकूम गांधीजींनी पाळला नाही, ते 'रिफ्यूज'. हुकूम मोडल्याचे मात्र त्यांनी मोतीहारीच्या न्यायालयात कबूल केले, म्हणजे 'डिनाय' केले नाही. पेत्राने येशूची ओळख तीनदा नाकारली, तेथे इंग्रजी बायबलात 'डिनाय' हेच क्रियापद आहे.

म्हणून 'ही डिनाइड टु गो' हे अशुद्ध होय. 'ही डिनाइड गोइंग' हे शुद्ध. पण त्याचा अर्थ 'आपण गेलोच नव्हतो, असे तो म्हणाला'. जबानीत हा भेद चुकला, तर न जाणारा मनुष्य जाऊन खोटे बोलणारा ठरण्याचा धोका आहे!

शेवटी उच्चार. क्रियापदात आघात दुसऱ्या अवयवावर असतो आणि अंत्य ध्वनी 'झ'सारखा होतो. आघात पहिल्यावर आला आणि अंती 'स' झाला, की तेच अक्षरलेखन 'रेफ्यूस' हे नाम होते. त्याचा अर्थ केरकचरा! 2017 पासून स्वच्छतेसाठी वारंवार गौरविलेल्या इंदुरात तरी या दोन शब्दांची गल्लत होऊ नये.