जुन्या कॅमेऱ्याचा भाव

फैजपूर-सावदा भागातील केळीउत्पादकाला लिलाव म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला, हे कळल्याखेरीज तो घड कापावयास सहसा संमती देत नाही. पण त्याच घरातील कपाटात आजोबांचा आग्फा क्लिक थ्री सापडला, की हे व्यवहारज्ञान कोठे जाते कोण जाणे! नातू मोबाइलवर कोणीतरी मागितलेली पाच आकडी रक्कम दाखवतो आणि सारे घर तोच भाव समजून बसते.

वस्तुतः मागितलेली किंमत हा भाव नव्हे. पूर्वी जुन्या कॅमेऱ्याची किंमत मुंबईच्या चोरबाजारातील दुकानदार सांगेल ती. विकणाऱ्याचे अज्ञान हाच त्याचा नफा. १९९५ साली अमेरिकेत ई-बे सुरू झाले आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत सर्वांना दिसू लागली. तेथे बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो. यंत्रणा मात्र त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा किंचितच पुढे नेते. म्हणजे भाव ठरतो तो हरणाऱ्याच्या ऐपतीवर! दोन हट्टी संग्राहक भिडले तर तो भडकतो, एकटाच आला तर वस्तू मातीमोल जाते. तेव्हा एका विक्रीवर विसंबू नये. संपलेले दहा-वीस लिलाव पाहावेत.

याचा परिणाम दुहेरी झाला. खरोखर दुर्मीळ वस्तूला जगभरचे गिऱ्हाईक लाभले. (लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याचा स्वतःचा कॅमेरा २०२२ साली जर्मनीतील वेट्झलार येथे लिलावगृहात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, पण ती गोष्टच वेगळी.) उलट घरोघरी असलेल्या कॅमेऱ्यांचे शेकडो नग एकाच यादीत दिसू लागले आणि त्यांचे दुर्मीळपण ओसरले. बारा चौकोनी छायाचित्रे देणारा आपला क्लिक थ्री या दुसऱ्या वर्गातला.

आपल्याकडे अडचण आणखी एक. ई-बेने २००४ साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन येथे जम बसविला, पण २०१८ मध्ये भारतातील ते दुकान बंद झाले. आता सामान्य विक्रेत्यासमोर मुख्यतः जाहिराती असतात, आणि जाहिरातीत दिसते ती केवळ मागणी.

तिच्या भरवशावर कॅमेरा वर्षानुवर्षे चामडी आवरणात पडून राहतो. चामडे ओल धरते, भिंगाला बुरशी लागते आणि पाहावयास आलेला संग्राहक ते भिंग उजेडाकडे धरून मुकाट्याने परत ठेवतो.