शीड उतरते, घरभाडे उतरत नाही

पावसाळा सरला की मुंबईच्या बंदरात पुन्हा पांढरी शिडे दिसू लागतात. छोट्या होडीत नवख्याच्या हाती सुकाणू देऊन कुणीतरी शेजारी बसलेला असतो. तो प्रशिक्षक. वारा ओळखायला तो शिकवतो. त्याचे स्वतःचे घर कसे चालते, हे मात्र आपण विचारत नाही.

साधा हिशेब मांडू. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर. जो मोसमापुरता काम करतो, त्याच्या कमाईचे महिने आठच. समजा, त्याला महिना ३० हजार मिळाले. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. १२ महिन्यांत वाटले, तर महिन्याला २० हजारच. घरभाडे, रेशन, मुलांची फी मात्र बाराही महिन्यांची.

ब्रिटनमध्ये मोसम उन्हाळ्याचा. तिथे बऱ्याच केंद्रांत प्रशिक्षकाला राहायला खोली मिळते. एप्रिल २०२५ मध्ये तिथे २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झाले. खोलीपोटी मालकाला त्यात दिवसाला फार तर १० पौंड ६६ पेन्स धरता येत. जेवणाचे पैसे तर धरताच येत नाहीत. म्हणजे तासाभराच्या मजुरीत एका रात्रीचे छप्पर!

तेव्हा कुणा तरुणाला ही नोकरी धरायची असेल, तर त्याने नुसता पगार विचारू नये. महिने किती आणि खोली कुणाची, हेही आधी विचारावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)