गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची शारीरिक हालचाल

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची शारीरिक हालचाल म्हणजे गर्भाशय काढून टाकल्यानंतर (हिस्टरेक्टॉमी) विश्रांतीकडून चालणे, घरकाम, प्रवास, नोकरी आणि व्यायाम यांकडे टप्प्याटप्प्याने परत येण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत या शस्त्रक्रियेला "पिशवी काढणे" असे म्हणतात. शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार पूर्ववत होण्यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. थकवा त्याहून अधिक काळ टिकू शकतो. चालणे लवकर सुरू करणे आणि जड वजन उचलणे लांबवणे ही या प्रक्रियेची दोन मुख्य सूत्रे आहेत. त्यांपैकी दुसरे सूत्र पाळता येणे हे रुग्णाच्या निश्चयापेक्षा तिच्या घरातील व कामावरील परिस्थितीवर अधिक अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

गर्भाशयातील गाठी, अतिरक्तस्राव, एंडोमेट्रिओसिस, अंग बाहेर येणे आणि कर्करोग ही या शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे आहेत. पोटावर छेद घेऊन, योनीमार्गे किंवा दुर्बिणीद्वारे ती केली जाते. संपूर्ण गर्भाशय दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकी शल्यचिकित्सक हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये केली. पोटावर छेद घेतल्यास बरे होण्यास सहा ते आठ आठवडे, तर अन्य दोन पद्धतींत चार ते सहा आठवडे लागतात.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवून ठेवण्याची पद्धत एकेकाळी सर्वत्र होती. शिकागो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी १८९९ मध्ये रुग्णांना लवकर उठवण्याचा पुरस्कार केला. मात्र हा विचार रूढ होण्यास अनेक दशके लागली. आज शस्त्रक्रियेनंतर पहिल्या २४ तासांत रुग्णाला उठवून बसवणे व काही पावले चालवणे हा शुश्रूषेचा नियमित भाग मानला जातो. त्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, फुप्फुसे मोकळी राहतात आणि आतड्यांची हालचाल लवकर सुरू होते.

## जखम भरण्याची प्रक्रिया

बाहेरून दिसणारी जखम आणि आतली जखम यांच्या भरण्यात मोठा फरक असतो. त्वचेचे टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात किंवा विरघळतात. तथापि जखमेच्या जागी येणारी ताकद हळूहळू वाढते. तीन आठवड्यांनंतर ती मूळ त्वचेच्या साधारण २० ते ३० टक्के, तर तीन महिन्यांनंतर सुमारे ८० टक्के असते.

गर्भाशयासोबत त्याचे मुखही काढल्यास योनीचे वरचे टोक शिवून बंद केले जाते. ही आतली शिवण रुग्णाला दिसत नाही आणि बहुधा जाणवतही नाही. ती उकलण्याचा प्रसंग क्वचितच, शंभरात एकीपेक्षाही कमी रुग्णांत येतो. परंतु तो तातडीच्या उपचारांचा विषय असतो. याच कारणाने लैंगिक संबंध किमान सहा आठवडे आणि तपासणी होईपर्यंत टाळण्यास सांगतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर केवळ तीन-चार लहान छेद असतात. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातच पूर्ण बरे वाटू लागते. आतली शिवण मात्र तेव्हा पोटावर छेद घेतलेल्या रुग्णाइतकीच कोवळी असते.

## हालचालींचे टप्पे

पुढील कालमर्यादा गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेस साधारणतः लागू होतात. कर्करोगासाठी केलेल्या विस्तृत शस्त्रक्रियेनंतर त्या अधिक लांबतात.

| काळ | सामान्यतः योग्य | टाळावयाचे |
|---|---|---|
| पहिला आठवडा | दीर्घ श्वसन, घोटे फिरवणे, घरातल्या घरात दिवसातून अनेकदा थोडे चालणे | वजन उचलणे, वाकून करायची कामे |
| दुसरा ते तिसरा आठवडा | सपाट रस्त्यावर १०–१५ मिनिटे चालणे, ताटे मांडणे, भाजी निवडणे | लादी पुसणे, धुणे पिळणे, पाणी भरणे |
| चौथा ते सहावा आठवडा | ३० मिनिटांपर्यंत चालणे, हलका स्वयंपाक, बैठे काम | धावणे, पोटाचे व्यायाम, जड वजन |
| सहाव्या आठवड्यानंतर, तपासणी झाल्यावर | क्रमाने वजन वाढवणे, योगासने, पोहणे | एकाच दिवसात पूर्वीइतके काम करणे |

अंथरुणातून उठताना थेट उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. खोकताना पोटावर उशी दाबून धरल्याने वेदना कमी होतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस खांदा दुखतो. पोट फुगवण्यासाठी वापरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे श्वासपटल चाळवले गेल्याचा तो परिणाम असतो. तो चालण्याने व वेळेनुसार कमी होतो.

एखाद्या दिवशी हालचाल वाढवल्यावर वेदना किंवा रक्तस्राव वाढल्यास, तसेच दुसऱ्या दिवशी अधिक थकवा आल्यास मागील टप्प्यावर परतावे. अनेक स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वीच अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय झालेला असतो. अशा स्त्रियांत थकवा जखमेमुळे नसून हिमोग्लोबिनच्या कमतरतेमुळे असू शकतो.

### श्रोणितलाचे व्यायाम

मूत्राशय, योनी आणि गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंना श्रोणितल म्हणतात. हे स्नायू आवळून धरणे व सैल सोडणे हा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. लघवीची नळी काढल्यानंतर डॉक्टरांच्या अनुमतीने तो अंथरुणातही करता येतो. मूत्रगळती रोखण्यास त्याची मदत होते.

### योगासने

श्वसनाचे सौम्य प्रकार लवकर सुरू करता येतात. कपालभाती, नौकासन, धनुरासन आणि सूर्यनमस्कार यांत पोटावर ताण येत असल्याने ते तपासणीनंतरच सुरू करतात.

## वजन आणि घरकाम

"जड उचलू नका" हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण जड म्हणजे किती हे क्वचितच सांगितले जाते. पहिल्या काही आठवड्यांत अनेक रुग्णालये चार-पाच किलोची मर्यादा सुचवतात. एक लिटर पाणी एक किलो भरते. त्या हिशेबाने:

* भरलेली दहा लिटरची कळशी – १० किलोहून अधिक
* भरलेली मोठी बादली – १५ ते २० किलो
* भरलेला घरगुती गॅस सिलिंडर (१४.२ किलो गॅस) – सुमारे ३० किलो
* एक वर्षाचे मूल – साधारण ९ किलो

ही मर्यादा प्रयोगसिद्ध पुराव्यापेक्षा सावधगिरीवर आधारलेली आहे. पोटातील दाब मोजणाऱ्या अभ्यासांत खुर्चीतून उठणे किंवा खोकणे यांनीही अनेक वर्ज्य कामांइतकाच दाब निर्माण होतो, असे आढळले आहे. म्हणून अलीकडे सरसकट बंदीपेक्षा क्रमशः वाढीवर भर दिला जातो. एखादे वेळी चुकून वजन उचलले गेल्याने घाबरण्याचे कारण नसते. रोज वारंवार उचलावे लागणारे वजन हा खरा प्रश्न आहे. बद्धकोष्ठतेत कुंथण्यानेही असाच ताण येतो. म्हणून पुरेसे पाणी आणि तंतुमय आहार यांचा समावेश शुश्रूषेत केला जातो.

महाराष्ट्रात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रूढी आहे. हा काळ सहा आठवड्यांच्या जवळपास येतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रीसाठी मात्र अशी सर्वमान्य रूढी नाही. घरात नवे मूल नसते, जखम झाकलेली असते आणि स्त्री चालू-फिरू लागलेली असते. त्यामुळे ती कामाला लागण्यास तयार आहे, असा समज होतो.

## मुंबई उपनगरांतील परिस्थिती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत पूर्ववत होण्याच्या मार्गातील अडचणी घर आणि प्रवास यांच्याशी निगडित आहेत. अनेक जुन्या तीन-चार मजली इमारतींत उद्वाहक (लिफ्ट) नाही. जिने चढण्यास पूर्ण मनाई नसते. पण सुरुवातीस फेऱ्या मोजक्या ठेवून, कठड्याचा आधार घेत सावकाश चढावे लागते. वस्त्यांतील सामायिक नळावरून पाणी भरणे आणि सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसणे या बाबी पहिल्या आठवड्यांत अधिक कठीण ठरतात.

नोकरदार स्त्रियांपुढे लोकल प्रवासाचा प्रश्न असतो. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू केली. तरीही गर्दीच्या वेळी डब्यातील रेटारेटी, उभ्याने प्रवास आणि पुलांचे जिने यांचा ताण राहतोच. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक व सरकते जिने आहेत. मात्र अंधेरी व घाटकोपर या अदलाबदलीच्या स्थानकांवर मोठी गर्दी असते. त्यामुळे कार्यालयातील बैठे काम झेपत असूनही प्रवास झेपत नाही, अशी स्थिती उद्भवते. गर्दीची वेळ टाळणे किंवा सुरुवातीस काही दिवस घरून काम करणे हे त्यावरील उपाय आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यांवर रिक्षाचे धक्केही वेदनादायक ठरतात. दुचाकी चालवणे साधारणतः चार ते सहा आठवड्यांनंतर, अचानक ब्रेक दाबताना वेदना होत नसल्यास, पुन्हा सुरू करता येते.

चालण्यासाठी सपाट व मोकळी जागा लागते. बोरिवलीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळचा भाग त्यासाठी सोयीचा आहे. कान्हेरी लेण्यांकडील चढाचा रस्ता मात्र नंतरच्या टप्प्यासाठी राखून ठेवणे योग्य.

## ऊसतोड कामगार स्त्रिया

विश्रांती न मिळाल्यास काय होते, याचे राज्यातील ठळक उदाहरण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे आहे. २०१९ मध्ये या स्त्रियांत गर्भाशय काढण्याचे मोठे प्रमाण उघडकीस आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे जवळपास १७ टक्के स्त्रियांची, ही शस्त्रक्रिया झालेली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५–१६) देशातील १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३.२ टक्के होते.

ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी "कोयता" म्हणून मोजली जाते. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असते आणि एका दिवसाच्या खाड्यासाठी दंड कापला जातो. उसाच्या जड मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भराव्या लागतात. अशा स्थितीत सहा आठवड्यांची विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी आणि वाढलेले कर्ज. कमी वयात अंडाशयेही काढली गेल्यास रजोनिवृत्ती लवकर येते, हाडे ठिसूळ होतात आणि जड श्रमांचा परिणाम अधिक तीव्र होतो. केंद्र शासनाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश दिले.

## रजा आणि सामाजिक सुरक्षा

२०२५ पर्यंत लागू असलेल्या प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये गर्भपातासाठी सहा आठवड्यांच्या आणि स्त्री-नसबंदीसाठी दोन आठवड्यांच्या सवेतन रजेची तरतूद होती. गर्भाशय काढण्यासाठी त्यात स्वतंत्र तरतूद नव्हती. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र स्त्रीला आजारपण लाभ म्हणून वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. या योजनेची रुग्णालये अंधेरी, कांदिवली आणि मुलुंड येथे आहेत. घरकामगार स्त्रिया मात्र सामान्यतः या योजनेच्या कक्षेबाहेर राहतात. लादी पुसणे, धुणे व भांडी हाच त्यांचा रोजगार असल्याने टाळावयाची कामे आणि उपजीविका त्यांच्या बाबतीत एकच असतात.

## धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास हालचाल थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते:

* ताजा, लाल व वाढता रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
* ताप, थंडी, जखमेतून पू येणे
* एका पायाच्या पोटरीत सूज व वेदना
* अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे
* लघवी न होणे किंवा योनीतून सतत पाणी गळणे
* पोटात वाढती वेदना, वारंवार उलट्या
* योनीमार्गातून काही बाहेर येत असल्याची जाणीव

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास टाके विरघळताना होणारा किंचित रक्तस्राव सामान्यतः चिंतेचा नसतो.