वर ओढणारा दोर आणि रबराची पट्टी

फिजिओथेरपीच्या खोलीत ट्रॅक्शनची खुर्ची पाहून नवखा माणूस जरा बिचकतोच. हनुवटीखाली पट्टा, डोक्यावर कप्पी, आणि मान सावकाश वर ओढणारा दोर. शेजारच्या कॉटवर कुणी मानेखाली गरम पिशवी घेऊन पडलेलं, तर कुणाच्या खांद्यांवर करंटच्या मुंग्या. मीही हे सगळं करून घेतलं आहे. बरं वाटायचं. जिना उतरून रिक्षा मिळेपर्यंत तरी.

तीन महिन्यांहून जास्त रेंगाळली की मानदुखीला जुनाट म्हणतात. रिपोर्टात ‘झीज’ दिसली म्हणून तेच दुखण्याचं मूळ, असं मात्र नाही. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या.

मग काय करायचं? २००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात फिनलंडचा एक प्रयोग छापून आला. ऑफिसात काम करणाऱ्या, मान सतत दुखणाऱ्या १८० बायका, तीन गट, वर्षभराचा काळ. पहिल्या गटाने डोक्याला रबराची पट्टी अडकवून तिच्या ताणाविरुद्ध मान ढकलली. दुसऱ्याने उताणं झोपून डोकं पुन्हा पुन्हा उचललं. दोन्ही गटांनी डंबेल्सही घेतले. तिसऱ्याला फक्त स्ट्रेचिंग आणि चालण्या-पळण्यासारखा व्यायाम सांगितला. वर्षाअखेर दुखणं पुष्कळ कमी झालं किंवा थांबलंच, असं सांगणाऱ्या बायका पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ आणि तिसऱ्यात २१.

हा शेवटचा आकडा मला बोचला, कारण खुर्चीत बसल्या बसल्या मान इकडून तिकडे वळवणं हाच माझा व्यायाम होता! पहिल्या दोन गटांना सुरुवातीचे बारा दिवस केंद्रात ठेवून शिकवलं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. आपुलकीने केलेल्या विचारपुशीचाही गुण येतो. पण वर्षभर टिकणारा एवढा फरक निव्वळ विचारपुशीचा असेल, असं वाटत नाही.

साडेचार-पाच किलोचं डोकं तोलायला मानेत पुढच्या बाजूने, मणक्यांना बिलगून, काही खोल स्नायू असतात. जुनाट दुखण्यात ते आळसावतात आणि वरवरचे स्नायू त्यांचा भार ओढत ताठतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी या खोल स्नायूंची एक नेटकी परीक्षा रूढ केली. मानेखाली हवेची छोटी उशी ठेवून दाब २० वर आणायचा. मग ‘हो’ म्हणताना हलवतो तशी, अगदी हलके मान हलवत, तो दोन-दोनने ३० पर्यंत न्यायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी २४ वर थरथरायला लागलो.

हातात बधिरपणा असेल, पकड सुटत असेल, दुखण्याबरोबर ताप असेल किंवा अपघातानंतर मान धरली असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

व्यायामाला एवढा वेळ कुठे आहे, ही तक्रार डेन्मार्कच्या संशोधकांनी २०११ साली निकालात काढली. १९८ कर्मचाऱ्यांपैकी काहींनी आठवड्यातले पाच दिवस रोज दोन मिनिटं, तर काहींनी बारा मिनिटं रबरी नळी ताणत हात बाजूला उचलले. दहा आठवड्यांनी, व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत, दहापैकी मोजलेलं दुखणं दोन मिनिटवाल्यांचं १.४ने, बारावाल्यांचं १.९ने जास्त उतरलं. बारा मिनिटांचा हिशेब मला परवडत नाही. माझी पट्टी ओट्याजवळच्या खिळ्याला असते. चहाला उकळी येईपर्यंत दोन मिनिटं होऊन जातात.